मेळावा लहान, दार मोठे



गेल्या डिसेंबरात शाळांना सुटी लागली तेव्हा आम्ही सहकुटुंब ऑस्ट्रेलियाला, आमच्या थोरल्या बहिणीकडे जाऊन आलो. ताईचे घर सिडनी शहराच्या पश्चिमेस, सुमारे ३० किलोमीटरवर, गिरावीन या वस्तीत आहे. गिरावीन हा त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचा शब्द असून त्याचा अर्थ 'फुलांची जागा' असा सांगतात. आज तेथे भारतातून व श्रीलंकेतून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. संध्याकाळी पायी फिरायला निघावे तर एका घरातून तमिळ ऐकू येते, पुढच्या घरातून गुजराती, आणि ताईच्या घरातून आपली क्रेओल!

प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा विचार नाही. तेथे आम्ही तीन आठवडे राहिलो, त्यांतील बराच वेळ एका लहानशा मेळाव्याच्या तयारीत गेला. त्या तयारीत आमच्या हातून एक चूक झाली. तशी चूक आपल्या गावोगावच्या मंडळ्यांतही होत असते, म्हणून हा लेख.

कसला रोग?

पहिल्याच रात्री जेवताना भाचा म्हणाला, "मामा, येत्या थंडीत आम्ही तिघे मित्र रोगलाईकचा मेळावा भरवणार आहोत."

वाढता वाढता ताईचा हात थांबला. "कसला रोग? कोणाला झाला?"

भाचा पोट धरून हसला. मग त्याने समजावले की हा रोग आपला नव्हे. इंग्रजीत 'रोग' म्हणजे लुच्चा, भामटा, भटक्या. त्या नावाचा संगणकावरचा एक जुना खेळ आहे आणि त्याच्यासारख्या खेळांना 'रोगलाईक' म्हणतात. ते खेळ मोठ्या कंपन्यांसाठी नव्हे, तर स्वतःच्या घरी, स्वतःच्या वेळात बनवणाऱ्या तीस-चाळीस माणसांना दोन दिवस एकत्र आणायचे, असा त्यांचा बेत होता.

आमचे मेहुणे हिशेबाचे काम करणारे. त्यांनी एवढेच विचारले, "खेळ खेळायला सभा कशाला लागते?" भाच्याने उत्तर दिले नाही. तो मुकाट्याने जेवत राहिला. शिक्षकाच्या पेशात इतकी वर्षे घालवल्यावर असे मौन आम्हाला ओळखू येते. जेवणानंतर आम्ही त्याच्या खोलीत गेलो व म्हणालो, "बाबा, आम्हाला तुझा खेळ दाखव."

अक्षरांचा खेळ

ज्यांच्या घरी तरुण मुले आहेत त्यांना पुढील माहिती नवी नसेल. इतरांसाठी, आम्हाला जसे समजले तसे सांगतो.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मायकेल टॉय व ग्लेन विकमन या दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' लिहिला. पुढे केन आर्नल्ड हे त्यांना येऊन मिळाले. त्या काळी विद्यापीठातील संगणकाच्या पडद्यावर चित्रे उमटत नसत, फक्त अक्षरे उमटत. म्हणून त्यांनी अक्षरांचेच चित्र केले. ई-मेलच्या पत्त्यात मधोमध जे 'ॲट'चे चिन्ह असते, ते म्हणजे खेळणारा माणूस. इंग्रजी वर्णमालेची २६ मोठी अक्षरे म्हणजे २६ प्रकारचे शत्रू : बी म्हणजे वटवाघूळ, डी म्हणजे ड्रॅगन, झेड म्हणजे चालते प्रेत. माणसाने भुयारात मजल्यामागून मजला उतरायचे, खाली दडलेला ताईत घ्यायचा व जिवंत वर यायचे.

या खेळाचे दोन नियम त्याला इतर खेळांपासून वेगळे करतात. पहिला असा की भुयाराचा नकाशा दर वेळी संगणक नव्याने आखतो. काल जेथे दार होते तेथे आज भिंत असते. दुसरा असा की मेलात तर मेलात. मागच्या पायरीवरून पुन्हा सुरुवात नाही, सारे पहिल्यापासून. म्हणून येथे पाठांतर कामाला येत नाही. वाट पाठ करून उपयोग नाही, वाट ओळखण्याची बुद्धी कमवावी लागते. वर्गात आम्ही मुलांना हेच सांगत असतो, परंतु आमचे ऐकतो कोण!

आम्हाला लगेच आपली सापशिडी आठवली. महाराष्ट्रात तिच्या जुन्या रूपाला मोक्षपट म्हणत आणि परंपरेने तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. त्या पटावर सद्गुणांच्या शिड्या होत्या व दुर्गुणांचे साप होते. मोक्षाच्या दोन घरे अलीकडे साप गिळतो आणि माणूस पुन्हा खालच्या ओळीत येतो. फासे हाती घेऊन तो पुन्हा निघतो. नव्या खेळाचे मूळ त्या पटात आहे असे आम्ही म्हणत नाही, पण त्यातली गंमत आपल्या आजीला चटकन कळली असती एवढे खरे.

भाच्याचा खेळ मात्र आम्हाला अनपेक्षित होता. त्यात भुयार नाही, उसाचा मळा आहे. दर वेळी मळ्यातल्या वाटा बदलतात. आणि शत्रू इंग्रजी अक्षरांत नाहीत, देवनागरीत आहेत! 'ग' म्हणजे गांधीलमाशी, 'म' म्हणजे मुंगूस, आणि सर्वांत भयंकर तो 'स', म्हणजे सरदार. मजुरांवर देखरेख करणाऱ्या सरदाराच्या गोष्टी त्याने लहानपणी आमच्या आईकडून, म्हणजे त्याच्या आजीकडून ऐकल्या होत्या. आठव्या वर्षी तो मॉरिशस सोडून गेला. मराठी बोलायला तो अडखळतो, पण तिने पाटीवर गिरवून घेतलेली अक्षरे विसरला नाही.

"काना-मात्रा लावता येत नाहीत, मामा," तो म्हणाला. "प्रत्येक घरात एकच अक्षर बसते. म्हणून नुसती व्यंजने घेतली."

दिवसा नोकरी करून रात्री तो चार वर्षे हा खेळ बनवत होता. "कोणी कोणी पाहिला आहे?" आम्ही विचारले. त्याने बोटे मोजली. आमच्यासकट चौघे झाले.

मेहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला येथे मिळाले. खेळायला सभा लागत नाही. पण चार वर्षे बंद खोलीत एखादी वस्तू घडवणाऱ्याला, ती वस्तू जाणणारी चार माणसे समोर बसलेली दिसावी लागतात. गावात एकटाच तबला वाजवणारा असेल, तर त्याचा हात हळूहळू जड होतो.

सरकारी साहाय्य नाही काय, असेही आम्ही विचारले. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२२ पासून संगणकावरील खेळांच्या निर्मितीखर्चावर ३० टक्के करसवलत लागू झाली. परंतु ती मिळण्यासाठी किमान पाच लाख डॉलर खर्च झालेला असावा लागतो. रात्री जागून बनवणाऱ्याला तिचा उपयोग काय? त्याने आपल्यासारख्यांनाच शोधायला हवे.

यापूर्वीचे मेळावे

असे मेळावे यापूर्वी झालेले आहेत. २००८ साली सप्टेंबर महिन्यात जर्मनीतील बर्लिन शहरी रोगलाईक खेळ लिहिणाऱ्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जमलेल्या मंडळींनी एक प्रश्न चर्चेला घेतला : रोगलाईक म्हणावे तरी कशाला? चर्चेअंती त्यांनी नऊ मुख्य व सहा दुय्यम लक्षणांची यादी केली. नकाशा नव्याने आखला जावा, मरण कायमचे असावे, एकाची चाल झाल्यावर दुसऱ्याची व्हावी, पट चौकटींचा असावा, हाताशी असलेले अन्न-औषध जपून वापरावे लागावे, इत्यादी. या यादीला 'बर्लिन इंटरप्रिटेशन' असे नाव पडले. यादी करणाऱ्यांनीच म्हटले होते की एखादे लक्षण नसले म्हणून खेळ बाद होत नाही आणि असले म्हणून पास होत नाही. परंतु यादी एकदा हातात आली की माणूस तिची फूटपट्टी करतोच.

त्यानंतर २०१६ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे दुसऱ्या धर्तीचा मेळावा भरला. त्याचे नावच 'रोगलाईक सेलिब्रेशन', म्हणजे उत्सव. तेथे बनवणारे आले, खेळणारे आले, अभ्यास करणारेही आले. मूळ 'रोग'चे टॉय, विकमन व आर्नल्ड हे तिघे त्या दिवशी एकत्र आले होते. 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस' हा अतिशय गुंतागुंतीचा खेळ बनवणारे टार्न व झॅक ॲडम्स हे दोघे भाऊही आले होते. या भावांनी २००६ पासून आपला खेळ लोकांना फुकट दिला व चाहत्यांच्या देणग्यांवर घर चालवले. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने तो खेळ आपल्या संग्रहात घेतला. आजारपणाच्या खर्चाची चिंता वाटू लागली तेव्हा त्यांनी चित्रांसह नवी आवृत्ती विक्रीस काढायचे ठरवले, आणि ती डिसेंबर २०२२ मध्ये बाजारात आली. २०२० पासून हा उत्सव घरबसल्या संगणकावर भरू लागला व त्यातील व्याख्याने कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

एका मेळाव्याने व्याख्या केली, दुसऱ्याने आमंत्रण दिले. दोन्हींची गरज असते. पण कोणते आधी, हा प्रश्न गिरावीनच्या स्वयंपाकघरात लवकरच उभा राहणार होता.

कागद, पेन्सिल आणि हिशेब

आम्ही आपल्याकडे शिक्षकांची शिबिरे भरवली आहेत, म्हणून भाच्याने आम्हालाच कामाला जुंपले. वाचकांपैकी कोणाला असे काही भरवायचे असेल तर उपयोगी पडेल म्हणून थोडे तपशील देतो.

तारीख प्रथम. लागून आलेल्या सुटीत मेळावा ठेवला तर दूरच्यांना सोयीचे, पण त्या दिवसांत विमानाचे भाडे चढते आणि कुटुंबे सहलीला जातात. म्हणून ऑगस्टमधला एक साधा शनिवार-रविवार धरला. गिरावीनला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. तुंगाबी व पेंडल हिल ही जवळची स्थानके. सिडनीत शनिवार-रविवारी रुळांची कामे निघतात व आगगाडीऐवजी बस धावते. तेव्हा पत्रकात बसची वाट छापायची आणि स्थानकावर एक मोटार उभी ठेवायची, असे ठरले.

पैशाचा हिशेब मेहुण्यांनी केला. आरंभी नाके मुरडणारे मेहुणे कागद हाती येताच रंगले! सभागृहाचे भाडे, विमा, जेवण व छपाई धरून चाळीस माणसांवर वाटणी केली. प्रवेश फुकट ठेवावा असे मुलांचे मत होते. आमचा अनुभव असा की फुकटच्या सभेला नावे शंभर येतात व माणसे तीस, आणि सत्तर जणांचे जेवण वाया जाते. शेवटी माणशी २५ डॉलर, विद्यार्थ्यांना १० डॉलर, आणि ज्याला तेही परवडत नाही त्याला कारण न विचारता प्रवेश, असे ठरले. जेवणाचा भार ताईने घेतला. शाकाहारी दालपुरी व मसालेभात सर्वांना चालतो, दाण्याचे कूट कशातही नको, आणि गहू न चालणाऱ्यांसाठी पोहे वेगळे.

वेळापत्रकावर मात्र आम्ही लाल पेन्सिल फिरवली. मुलांनी शनिवारी एकामागून एक चौदा भाषणे ठेवली होती. आम्ही म्हणालो, "बाबांनो, चौदा भाषणे ऐकून घरी गेलेला माणूस चौदा गोष्टी विसरतो." सकाळी वीस-वीस मिनिटांची चार भाषणे ठेवली आणि प्रत्येकानंतर दहा मिनिटे मोकळी सोडली. दुपारी टेबले मांडायची. प्रत्येकाने आपला खेळ मांडावा, दुसऱ्याने खेळावा, आणि बनवणाऱ्याने पहिली दहा मिनिटे मागे उभे राहून तोंड उघडू नये. हा शेवटचा नियम भाच्याचा. तो म्हणाला की खेळणारा कोठे अडतो ते गप्प राहूनच दिसते. आम्हाला तो फार आवडला. वर्गात फळ्यापाशी असलेल्या मुलाला आपण किती लवकर उत्तर सांगून टाकतो!

रविवारी सर्वांनी तीन तासांत काहीतरी लहानसे बनवायचे. २००५ पासून जगभर सात दिवसांत एक रोगलाईक बनवण्याचा उपक्रम दरवर्षी चालतो, त्यावरून ही कल्पना. आरंभी धारुग लोकांचे, म्हणजे त्या भूमीच्या मूळ मालकांचे स्मरण, ही तेथील सभांची रीत. शेवटी प्रत्येकाने पुढच्या महिन्यात काय करणार ते एका वाक्यात सांगायचे.

आमचा प्रश्न क्रमांक चार

आता चुकीविषयी.

येणाऱ्यांनी भरायचा अर्ज आम्ही तयार केला. अर्ज, तक्ते, रकाने ही शिक्षकांची आवड! अकरा प्रश्न लिहिले. चौथा होता : 'आपला खेळ बर्लिनच्या यादीतील किती लक्षणे पूर्ण करतो?' तिघा मित्रांपैकी एकाचा आग्रह होता की मेळावा अस्सल रोगलाईकचाच असावा. आम्हाला तो शिस्तीचा वाटला, म्हणून प्रश्न घातला.

शेजारच्या तमिळ कुटुंबातील सतरा वर्षांची मुलगी ताईकडे अभ्यासाला येते. तिनेही एक खेळ बनवला होता. दाराशी कोलम काढतात, म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळी, तिचा तो खेळ. दर सकाळी संगणक नवे ठिपके मांडतो. मर्यादित पीठात, एकही ठिपका न सोडता रेघ पूर्ण करायची. रेघ तुटली तर कोलम पुसले जाते व उद्याचे ठिपके वेगळे. लढाई नाही, राक्षस नाही, भुयार नाही. तिने अर्ज हाती घेतला, चौथ्या प्रश्नापर्यंत वाचला, नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी बघू, अंकल."

ती हसून गेली. पण तो घडी केलेला कागद आमच्या डोळ्यांपुढून हलेना. आम्ही दहा-अकरा वर्षांचे असताना मराठी कवितापठणाच्या एका स्पर्धेत उभे राहिलो होतो. कविता पूर्ण व्हायच्या आतच परीक्षकांनी थांबवले व आमच्या उच्चारात क्रेओल फार आहे, असे सर्वांदेखत सांगितले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्या घरात क्रेओलच होती. परंतु त्यानंतर दोन वर्षे आम्ही मराठीच्या कार्यक्रमाकडे फिरकलो नाही. ज्या गोष्टीसाठी आम्ही आत आलो होतो, तीच आमच्यापाशी कमी आहे म्हणून आम्हाला बाहेर काढले. त्या मुलीला आम्ही निराळे काय केले?

रात्री मुलांना आम्ही शिक्षक-प्रशिक्षणात शिकलेला एक प्रसंग सांगितला. ११ मे १८७८ रोजी पुण्यात हिराबागेत मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. लोकहितवादी व न्यायमूर्ती रानडे यांनी पुढाकार घेतला होता व रानडे अध्यक्ष होते. आजच्या प्रचंड साहित्य संमेलनांचे मूळ त्या लहानशा सभेत आहे. दुसरी सभा १८८५ साली पुण्यातच भरली. तिचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले, पण ते गेले नाहीत. त्यांनी पत्र लिहून कळवले की ज्यांना सर्व माणसांचे हक्क मान्य करवत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसत नाही.

फुल्यांचा प्रश्न शतकानुशतकांच्या अन्यायाचा होता. तो आपल्या खेळांच्या मेळाव्याला जसाच्या तसा लावणे उचित नाही, हे आम्ही मुलांना स्पष्ट सांगितले. परंतु त्यातून एक गोष्ट घ्यावी. नुसते निमंत्रण पाठवले म्हणजे दार उघडले असे होत नाही. आत आपल्यासाठी कोणती जागा ठेवली आहे ते माणूस दारातूनच ओळखतो.

वाद आणि तोड

अस्सलचा आग्रह धरणारा मित्र गप्प बसला नाही, आणि त्याचे म्हणणेही टाकाऊ नव्हते. तो म्हणाला, "पत्त्यांचा, उड्यांचा, कोणताही खेळ घेतला तर जुन्या पद्धतीने नुसती अक्षरे मांडणारा माणूस पुन्हा कोपऱ्यात जाईल. त्याला दुसरीकडे कोणीच विचारत नाही. म्हणून तर हा मेळावा!"

भाच्याने त्याला 'बलात्रो'ची आठवण दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेला हा पत्त्यांचा खेळ कॅनडातील एका माणसाने, आपले खरे नाव न सांगता, बनवला. पहिल्याच महिन्यात त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती गेल्या. त्यात चौकटींचा पट नाही, भुयार नाही. तरीही दर वेळी नवा डाव आणि हरलात की पहिल्यापासून, म्हणून लोक त्याला रोगलाईकच म्हणतात. बर्लिनची फूटपट्टी लावली असती तर हा माणूसही अर्जाची घडी करून परत गेला असता.

रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला. ताईने दोनदा चहा केला. शेवटी तोड निघाली ती अशी. अकरा प्रश्नांचे तीन झाले : तुम्ही काय बनवता? मेळाव्यात काय दाखवाल? कोणती मदत हवी? लक्षणांचा प्रश्न अर्जातून काढला, पण टाकून दिला नाही. 'रोगलाईक म्हणावे तरी कशाला?' या विषयावर शनिवारी चार वाजता सर्वांसमक्ष चर्चा ठेवली व ती चालवण्याचे काम त्या अस्सलवाल्या मित्रालाच दिले. शिवाय निम्मी टेबले जुन्या पद्धतीच्या अक्षरखेळांसाठी राखली. व्याख्येचा वाद आत आल्यावर घालावा, दारात घालू नये, एवढाच याचा अर्थ.

मित्राचे पूर्ण समाधान झाले असे आम्हाला वाटत नाही. जाताना तो म्हणाला, "बघू." पण दुसऱ्या दिवशी चर्चेचे टिपण घेऊन तो सर्वांच्या आधी हजर होता.

त्या मुलीकडे अर्ज घेऊन आम्ही स्वतः गेलो. चूक आमची होती, हे तिला सांगितले. मोठ्या माणसाने तसे म्हणणे तिला बहुधा नवे असावे, कारण ती जरा गोंधळली. मग तिने नवा अर्ज वाचला आणि पेन्सिलीने एक दुरुस्ती केली. 'तुम्ही काय बनवता?' याच्या पुढे तिने लिहिले, 'अपुरे असले तरी चालेल.' ते शब्द आता छापील अर्जात आहेत. तिचे नाव यादीत सातवे आहे.

आपल्या बैठका

आम्ही घरी परतलो. मागच्या आठवड्यात भाच्याचा निरोप आला. सभागृहाची अनामत भरली आहे, तेवीस नावे आली आहेत, त्यांपैकी नऊ जणांनी 'अपुरे' असे स्वतःच लिहिले आहे. चाळीस होतील की नाही, हिशेब जुळेल की मेहुण्यांना खिशात हात घालावा लागेल, हे ऑगस्टमध्ये कळेल. तयारी चांगली केली म्हणजे मेळावा चांगला होतोच असे नाही. त्या खेळासारखेच आहे, दर वेळी नकाशा वेगळा! पण तेवीस जणांना ठाऊक झाले आहे की आपल्यासारखे आणखी बावीस आहेत. एवढे काम मेळाव्यापूर्वीच झाले.

वाचकहो, आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. १८३४ नंतर बोटींतून आलेल्या आपल्या पूर्वजांपाशी सभागृह नव्हते. दिवसभर उसात राबून ते रात्री बैठकेत जमत. दिव्याच्या उजेडात दहा-पंधरा माणसे, एखादी पोथी आणि पाटीवर चार अक्षरे. कोणाचे उच्चार शुद्ध आहेत याची परीक्षा घेऊन आत सोडायचे ठरवले असते, तर बैठक ओस पडली असती, आणि आज हे पान वाचायला कोणी उरले नसते. व्याकरण मागाहून आले. ते यायलाच हवे होते. पण आधी माणसे आली.

आज आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा उलट घडते. कार्यक्रमपत्रिका सुबक असते, पाहुणे मोठे असतात, आणि तरुण मुले मागच्या दारी उभी असतात. त्यांची मराठी तुटकी आहे, हे खरे. पण त्यांच्यापैकी कोण रात्री जागून कोणत्या अक्षरांना जीव देत आहे, हे आपल्याला कोठे ठाऊक असते? आमच्या सख्ख्या भाच्याच्या पडद्यावर 'ग', 'म' आणि 'स' फिरत होते, आणि चार वर्षे आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

म्हणून आमची विनंती एवढीच. पुढच्या खेपेस आपल्या गावात बैठक बोलवाल तेव्हा ती लहान असली तरी चालेल. वीस माणसे पुरेत. पत्रकाच्या तळाशी मात्र त्या मुलीचे शब्द जरूर छापा : अपुरे असले तरी चालेल.